तिरपे सरांच्या कानामागे

मी एक जुनं श्रवणयंत्र आहे. कानामागे बसतो. व्याकरणाप्रमाणे यंत्र नपुंसकलिंगी, तेव्हा मी ‘बसतं’ म्हणायला हवं. पण दारात उभं राहून ‘मी आलं’ असं सांगितलं तर घरातलं कुणीतरी मला किसायला घेईल, म्हणून मी आपला ‘आलो’ म्हणतो. मित्रांनो, लिंगाचं हे प्रकरण वाटतं तितकं साधं नाही. त्याच्यापायी एक मोठा माणूस आणखी मोठा झाला, आणि पुढे त्याची पंचाईतही त्याच्याचपायी झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे मी संशयी आहे. हा माझा स्वभाव नव्हे, धंदा आहे. दिवसभर दुसऱ्याच्या कानामागे बसून जगाचं बोलणं ऐकणाऱ्याने कुणावर भरवसा ठेवायचा? समोरून ‘वा सर, डोळे उघडलेत आमचे!’ असं ऐकायचं, आणि पाठ फिरताच तोच आवाज ‘सुटलो बुवा’ म्हणताना ऐकायचा. मागचं मला पुढच्याइतकंच स्पष्ट ऐकू येतं. हेच माझं दुर्दैव.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी भिंगाखाली धरून माझ्या केसाएवढ्या तारा जोडल्या. मी काजूएवढा, बाकही काजूसारखाच. माझ्या खोक्यावर ‘कातडीच्या रंगाचे’ असं छापलं होतं. कुणाच्या कातडीच्या, ते छापलं नव्हतं. मला पहिला संशय आला तो तिथेच.

नंतर वर्षभर मी एका दुकानाच्या कपाटात पडून होतो. मग एक दिवस तिरपे सर आले.

त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण सरळ प्रश्नाला त्यांनी आयुष्यात सरळ उत्तर दिलं नाही, म्हणून जग त्यांना तिरपे सर म्हणायचं. ते तत्त्वज्ञ होते. तत्त्वज्ञ म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. दार लावा म्हटल्यावर जो आधी दार म्हणजे काय असं विचारतो, तो. अशा माणसाला पुन्हा कुणी दार लावायला सांगत नाही, हा त्यात फायदा.

सर लोकांना चिडवण्यात पटाईत होते. शिक्षकांच्या सभेत त्यांनी सांगितलं, ‘शाळेत मुलांना उत्तरं मिळतात आणि त्यांचे प्रश्न चोरीला जातात.’ डॉक्टरांच्या सभेत म्हणाले, ‘निरोगी माणूस म्हणजे नीट न तपासलेला माणूस.’ तीस वर्षं खपून त्यांनी सत्तेवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता, ‘आज्ञेची गोडी’. माणसाला हुकूम सोडण्यापेक्षा हुकूम ऐकायला जास्त आवडतं, असं त्यात सप्रमाण सिद्ध केलं होतं. ग्रंथ खपला नाही. त्याच्या प्रती प्रकाशकाने स्वतःच्या पलंगाखाली रचून ठेवल्या, आणि त्या ग्रंथामुळे आपली पातळी उंचावल्याचं तो मोकळेपणाने मान्य करायचा.

असा हा निर्भय माणूस दुकानात आला आणि यंत्र बसवणाऱ्या बाईंना हळूच म्हणाला, “हे कुणाला दिसणार नाही ना?”

बाईंनी त्यांच्या कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतला. म्हणाल्या, “केस थोडे वाढवा.”

सरांनी केस खांद्यापर्यंत वाढवले. लोकांना वाटलं, विचार वाढले.

अकरा वर्षं मी त्या केसांखाली लपून काम केलं. मी आहे हे फक्त घरात ठाऊक होतं. सरांच्या बायकोला आणि लेकीला. मी नीट बसलो नसलो की बारीक शिट्टी वाजते, मग बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, “अहो, कुकर झाला का तुमचा?” कधी म्हणायची, “या यंत्राचं आणि माझं सारखंच. कामाला हवं, पण चारचौघांत दाखवायचं नाही.” हे मी सरांच्या कानात इमानेइतबारे पोचवायचो. पुढे कुठे जायचं ते मला माहीत नाही.

आता त्या व्याख्यानाचं सांगतो.

सभागृह मोठं होतं आणि पंखे जुने होते. माझी बॅटरी संपत आली होती. संपण्याआधी मी कानात तीनदा पिकपिकतो, तसा पिकपिकलो. पण बॅटरी बदलायची म्हणजे केस वर करून मला चारचौघांत बाहेर काढायचं. सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. प्रश्नोत्तरं सुरू झाली. शेवटच्या रांगेतून एका सर्दी झालेल्या मुलीने ध्वनिक्षेपक तोंडाशी धरून विचारलं, “सर, तुम्ही सत्य मानता का?”

मित्रांनो, इथे मी माझा गुन्हा कबूल करतो. ‘सत्’पर्यंत मी पोचवलं. शेवटचा ‘य’ माझ्या हातून निसटला. सरांचं डोकं तीस वर्षं एकाच शब्दाभोवती फिरत होतं, त्याने उरलेली जागा स्वतःच भरून काढली. सरांना ऐकू आलं, ‘तुम्ही सत्ता मानता का?’

सर हसले आणि म्हणाले, “ती खुर्चीवर बसलेल्यांची सोय आहे. उभं राहणाऱ्यांनी तिच्या नादाला लागू नये.”

अशी काही टाळी पडली की मी दबून गेलो. सरांना वाटलं, चला, तीस वर्षांनी ग्रंथ कळला लोकांना.

दुसऱ्या दिवशी छापून आलं: ‘सत्य ही खुर्चीवर बसलेल्यांची सोय! तिरपे सरांचा स्फोटक विचार.’ सर वर्तमानपत्र वाचत नसत. ‘काल काय झालं हे मला काल कळलं’ असं म्हणत. घरी फोन, पत्रं, हार येत राहिले. कशाबद्दल, हे विचारणं त्यांच्या प्रतिष्ठेत बसणारं नव्हतं.

ते त्यांना कळलं दोन महिन्यांनी. व्याख्यानांचं पुस्तक निघत होतं आणि त्यांची मुद्रितं तपासणारे गृहस्थ घरी आले. छापण्याआधी चुका शोधणं हे त्यांचं काम. छापखान्यात त्यांना सगळे काना-मात्रा म्हणत.

“सर, एक शंका.”

“शंकेचं या घरात स्वागत आहे.”

“सत्य नपुंसकलिंगी. ते सत्य. तुम्ही ‘ती’ म्हणालात. पुढे ‘तिच्या नादाला’ पण आहे. म्हणजे दोनदा. ‘ते’ आणि ‘त्याच्या’ करून टाकू?”

सर म्हणाले, “प्रश्न काय होता?”

“अं?”

“प्रश्न. जसाच्या तसा वाचा.”

काना-मात्रांनी बोटाने ओळ शोधली. “‘सर, तुम्ही सत्य मानता का?’”

मी जबड्याच्या हाडाशेजारी बसतो. जबडा थांबलेला मला कळतो.

“‘ती’च ठेवा,” सर म्हणाले. “मुद्दाम आहे.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“तीस वर्षं तुमची मुद्रितं बघतोय सर. तुमची वेलांटी चुकत नाही, लिंग कसं चुकेल? मला आपलं वाटतंय, ही ‘ती’ दुसरीच कुणीतरी आहे.”

“फार संशयी बुवा तुम्ही.”

“पोटापाण्याचा आहे तो,” काना-मात्रा म्हणाले, आणि त्यांनी समासात लिहिलं, ‘लेखकाच्या सांगण्यावरून तसेच ठेवणे.’

आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर शंका घेणाऱ्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा एका गोष्टीवर शंका घेतली नाही. स्वतःच्या टाळ्यांवर.

मग काय विचारता! एका विदुषीने ‘सत्याचे स्त्रीत्व’ यावर चारशे पानांचा प्रबंध लिहिला. सरांनी सत्याला व्याकरणाच्या तुरुंगातून सोडवलं, असा त्यातला निष्कर्ष. तरुण मंडळी ‘खरी सत्य काय आहे?’ असं बोलायला लागली. परीक्षेत मार्क गेले तेव्हा काही जणांनी ‘आम्ही तिरपेपंथी आहोत’ असा अर्ज केला. दुकानांतून वाक्याच्या चौकटी मिळायला लागल्या, आणि त्या कुणी घेतल्या असतील? खुर्चीवाल्यांनी. सरांनी ज्यांना चिमटा काढायला तोंड उघडलं होतं, त्यांनीच ते वाक्य आपल्या डोक्यावर टांगलं. खाली बसून ते सुखाने सह्या करत राहिले. मला हे ऐकून माहीत होतं. सरांनाही माहीत असावं. ते बोलले नाहीत.

सरांची लेक पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. बापासारखीच हट्टी, फक्त तिचे प्रश्न बाटलीत मावायचे. एका दुपारी ती अवेळी घरी आली, चपला न काढता खुर्चीच्या काठावर बसली.

“बाबा, जुन्या वसाहतीच्या नळांत शिसं निघालंय. तीन नमुने, तिन्ही मर्यादेच्या वर. एक चौपट.”

मित्रांनो, शिसं म्हणजे जुन्या नळांतून पाण्यात उतरणारा एक धातू. त्याला रंग नाही, वास नाही. लहान मुलांच्या डोक्यावर तो परिणाम करतो आणि वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. त्या वसाहतीत एक पाळणाघर होतं.

“मग कळव की,” सर म्हणाले.

“कळवलं. साहेब म्हणतात, ‘मर्यादेत आहे’ असं लिही. मी म्हटलं, खोटं कसं लिहू? तर त्यांनी काय केलं माहितीय? वर बोट दाखवलं. त्यांच्या खुर्चीच्या मागे तुमची चौकट आहे. म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या घरचीच शिकवण. वाचा जरा.’ आणि सगळे हसले.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

“गुरुवारी समिती बसतेय. पाच जणांची. अहवाल ठेवायचा की मला घरी पाठवायचं, ते ठरवणार. अध्यक्ष तुमचा भक्त आहे. बाबा, मी त्या दिवशी पहिल्या रांगेत होते. तुम्हाला नक्की काय ऐकू आलं होतं?”

सरांचा हात केसांखाली आला. त्यांनी मला बंद केलं.

बंद असताना मला काही कळत नाही, म्हणून त्यानंतरचं मी सांगू शकत नाही. कळलं नाही ते सांगायचं नाही, एवढं तरी मी त्या घरात शिकलो.

पुन्हा चालू झालो तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती. बायको हात पुसत दारात उभी होती.

“गेली?” सरांनी विचारलं.

“गेली.”

“काय म्हणाली?”

“तुम्ही बंद केलंत ना? मग मी कशाला चालू होऊ?” ती आत वळली. थांबून म्हणाली, “तीस वर्षं दुसऱ्यांच्या खुर्च्या हलवल्यात. लेकीची हलायला लागली, तर कानावर हात?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सर मला घेऊन यंत्रवाल्या बाईंकडे गेले. मला वाटलं, झालं, विल्हेवाट लागणार आपली. साक्षीदाराचं हेच करतात. पण त्यांनी माझी नळी बदलून घेतली, साचा कोमट पाण्याने घासून घेतला, नवी बॅटरी घातली. बाई म्हणाल्या, “एवढं काय ऐकायचंय सर?”

“आकडे,” सर म्हणाले.

तरी माझा संशय गेला नाही. स्वच्छ यंत्रसुद्धा बंद करता येतं.

गुरुवारी सर न बोलावता समितीच्या खोलीत शिरले. पाचही जण उठून उभे राहिले. अध्यक्षांनी हात जोडले. साहेबांनी जागा करून दिली. लेक भिंतीशी बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

“मी एक चूक सांगायला आलोय,” सर म्हणाले. “तुमच्या भिंतीवरचं वाक्य सत्याबद्दल नाही. मला प्रश्नात ‘सत्ता’ ऐकू आलं होतं.”

अध्यक्षांचे डोळे चमकले. “वा! म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानात सत्याची सत्ता होते! लिहून घ्या हो.”

कारकुनाने लिहून घेतलं.

“तसं नाही. मी बहिरा आहे.”

“आपण सगळेच, सर.”

“अहो, कानाने. डॉक्टरी भाषेत बहिरा.”

“तेही एका अर्थी—”

“एकाच अर्थी!” सर ओरडले.

“काय धार आहे अजून,” अध्यक्ष शेजाऱ्याला म्हणाले. मी ऐकलं.

मित्रांनो, वाकडं बोलून नाव कमावलेल्या माणसाचं हेच होतं. तो सरळ बोलला तरी लोक त्यात वाक शोधतात. मग सरांनी दोन्ही हातांनी केस मागे सारले, मला कानावरून उतरवलं आणि समितीच्या टेबलावर ठेवलं. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा परक्यांना दिसलो. घाबरून मी शिट्टी वाजवली.

“आता विचारा,” सर म्हणाले. “तोंडापुढे फाईल धरून विचारा. समोर असलं तर मी ओठ वाचतो.”

हे ऐकलं आणि मी गार झालो. म्हणजे त्या दुपारी मी बंद असताना लेक समोर बसून जे बोलली, ते सगळं यांना कळलं होतं! ‘काय म्हणाली?’ म्हणून बायकोला विचारलं, ते नाटक होतं. माझा संशय खरा ठरला, याचा मला मुळीच आनंद झाला नाही.

अध्यक्षांनी गंमत म्हणून फाईल तोंडापुढे धरली. “पाण्यात शिसं आहे का?”

“पिसं?” सर म्हणाले. “पाण्यात पिसं कशी येतील? टाकीत कोंबड्या धुता का?”

खोली हसली. साहेबांनाही चेव आला. त्यांनी फाईल धरली. “अहवाल बदलायचा का?”

“हवा बदलायला? जाऊ की. केव्हा निघायचं?”

पुन्हा हशा. कारकून लिहिता लिहिता हसत होता. सर टेबलावर हात टेकून, मान थोडी पुढे करून, तिसऱ्या प्रश्नाची वाट पाहत उभे होते. चेहऱ्यावर सभेतलं जुनं हसू.

त्यांच्या पाठीमागून लेक म्हणाली, “बाबा, पुरे आता.”

सर वळले नाहीत.

“बाबा.” या वेळी मोठ्याने.

ते तसेच हसत, अध्यक्षांच्या फाईलकडे बघत राहिले. मग हळूहळू खोलीतलं हसणं थांबलं. अध्यक्षांनी फाईल खाली ठेवली. कुणी कुणाकडे बघेना.

लेक पुढे आली. तिने मला टेबलावरून उचललं, सरांचे केस बाजूला केले, साचा कानात फिरवून नीट बसवला.

“वाच,” सर म्हणाले. “पहिल्यापासून. सावकाश.”

तिने वाचलं. पहिला नमुना, दुसरा, पाळणाघराच्या नळाचा तिसरा. एकूणएक आकडा मी पोचवला, दशांश चिन्हासकट. मध्ये साहेब खोकले, तेवढंच. मग अध्यक्ष कारकुनाला म्हणाले, “अहवाल आहे तसा दाखल करा.” आणि जरा थांबून, सरांकडे न बघता, “ते मघाचं कानाबद्दलचं खोडा.”

ते नळ दुसऱ्या दिवशी बंद झाले. समितीने लेकीला शाबासकी दिली आणि त्याच कागदावर तिची बदली बाटल्या धुण्याच्या विभागात केली. शाबासकी आणि बदली एकाच कागदावर असली की तो कागद दोनदा वाचून घ्यावा. ती म्हणते, “बाटल्या नीट धुतल्या नाहीत तर पुढचे आकडे तरी कसे खरे येतील?” आणि मान खाली घालून धुते.

सरांना बोलावणी कमी झाली. भिंतींवरच्या चौकटी काही ठिकाणी उतरल्या, बहुतेक ठिकाणी तशाच आहेत. शिष्यांपैकी निम्म्यांनी ही कबुली मानलीच नाही. ‘बहिरेपणा हे सरांचं सर्वांत धीट रूपक’ असा लेख तीन भागांत आला. सरांनी संपादकाला पत्र पाठवलं, ‘रूपक नाही, वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.’ संपादकाने ते प्रमाणपत्र चौकटीत छापलं, खाली सही ‘तिरपे सर’. काही लोकांचं काही करता येत नाही.

सरांनी केस कापले. आता त्यांना दोन्ही कानांत नवी यंत्रं आहेत, माझ्याहून लहान, माझ्याहून हुशार. मी लेकीच्या खणात एका डबीत असतो. सोबत ओल शोषणारे निळे खडे. त्यांचाही मला भरवसा नाही. न बोलता सगळं शोषून घेणाऱ्यांचा कुणालाच नसावा. माझी नळी पुन्हा पिवळी पडली आहे. वर्षातून एकदा कुणीतरी डबी उघडतं, ‘अजून चालतं का हे?’ म्हणतं आणि उत्तर न ऐकता झाकण लावतं.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. घरात कुणाच्या कानामागे माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याला रोज कोरड्या फडक्याने पुसा, पाण्यापासून जपा, आणि ते पिकपिकलं तर लाजू नका, सभेतसुद्धा बॅटरी बदला. लपवलेलं यंत्र निम्मंच ऐकतं. आणि एखाद्या थोर माणसाने तुमच्या प्रश्नाला फारच सुंदर उत्तर दिलं, तर टाळी वाजवण्याआधी जरा उभे राहा आणि नम्रपणे विचारा, ‘सर, माझा प्रश्न ऐकू आला होता ना?’